पणजीचं आयनॉक्स आणि आमचे राहून गेलेले शेवट

गेल्या रविवारी आईला घेऊन पणजीच्या आयनॉक्सला गेलो होतो, दुपारचा शो, मराठी सिनेमा. पिक्चर मस्त रंगात आला होता, शेवटची वीस-पंचवीस मिनिटं राहिली असतील आणि मला पायाजवळ काहीतरी सरसर वाजल्यासारखं वाटलं. बघतो तर आई अंधारात पायाने चप्पल शोधतेय. पर्स मांडीवर घेतलेली, पदर खोचलेला, नजर पडद्यावर पण अंग पुढे झुकलेलं, उठायच्या तयारीत. हळूच विचारलं काय झालं, बाथरूमला जायचंय का, तर म्हणाली, "ना रे, अशेंच." अशेंच नव्हतं ते. मला बरोब्बर कळलं आणि गळ्यात काहीतरी दाटून आलं, कारण हीच चप्पल शोधायची सवय मी नऊ-दहा वर्षांचा असताना दर सिनेमाला बघितलीय.

म्हणून हा रिव्ह्यू लिहायला बसलोय. थेटरबद्दल जे सांगायचं ते सांगतोच, पण आमच्या घरच्या सिनेमाच्या आठवणी सांगितल्याशिवाय मला हे थेटर एवढं का आवडतं ते कळणार नाही.

आम्ही डिचोलीकडचे. घरात बोलणं कोंकणी, वाचणं-लिहिणं मराठी. बाबा पणजीला सरकारी कचेरीत होते आणि त्यांना सिनेमाचं भयंकर वेड. महिन्यातून एकदा, पगार झाला की, आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन दुपारच्या बसने पणजीला यायची, बाबा ऑफिस सुटल्यावर थेटरच्या दारात भेटायचे, हातात चार तिकिटं. कधी सिने नॅशनल, कधी सम्राट नाहीतर अशोक. सहाचा शो. त्याआधी वेळ मिळालाच तर कॅफे भोसलेत भाजी-पाव आणि मिरची, आणि बाबांचा कपातला चहा, जो ते बशीत ओतून अर्धा मला द्यायचे. तिकीट बहुतेक स्टॉलचंच असायचं, बाल्कनी फक्त दिवाळीला. डोअरकीपर बॅटरीचा उजेड पायाखाली टाकत जागेवर नेऊन बसवायचा, ते मला तेव्हा फार मानाचं वाटायचं, कोणीतरी खास आपल्यासाठी वाट दाखवतंय असं.

आणि मग ५ जुलै १९८६ ला मांडवी नदीवरचा पूल कोसळला. मी तेव्हा तिसरीत होतो. ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना सांगायला नको, अख्खं उत्तर गोवा पणजीला यायला फेरीबोटीवर आलं. बेतीला बसमधून उतरायचं, फेरीत चढायचं, पलीकडे पणजीच्या धक्क्यावर उतरून चालायला लागायचं. बाबा रोज तसेच जायचे-यायचे, पावसात सुद्धा, छत्री एका हातात आणि डबा दुसऱ्या हातात. आता कोणीही म्हणेल की अशा परिस्थितीत सिनेमा कशाला बघायला जायचा. पण बाबांनी सिनेमा सोडला नाही, सोडला तो फक्त शेवट.

हिशोब सरळ होता. सहाचा पिक्चर सुटणार नऊला. बेतीहून आमच्याकडची शेवटची बस त्याच्या आत सुटायची. म्हणजे साडेआठ-पावणेनऊच्या आधीच फेरी पकडायची, म्हणजे त्याच्याही आधी थेटरातून उठायचं, कारण पणजीच्या अठरा जून नावाच्या रस्त्यावरून धक्क्यापर्यंत लहान मुलांना घेऊन चालायचं म्हणजे पंधरा मिनिटं तरी हवीच. बाबा घड्याळ बघायचे, आईला कोपराने खुणवायचे, आई पायाने चप्पल शोधायची, आणि आम्ही चौघं वाकून वाकून, लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत, बाहेर. मागे पडद्यावर हीरोला बांधून ठेवलेलं असायचं, नाहीतर आई-मुलाची भेट व्हायला दोन मिनिटं बाकी असायची. मी मान मागे वळवून चालायचो आणि आई हात ओढायची, "बेगीन चल रे, बस चुकतली."

त्या चालण्याची आठवण अजून ताजी आहे. थेटरच्या दारातून बाहेर पडल्यावर सुद्धा आतली मारामारी ऐकू यायची, भिंतीतून घुमल्यासारखी, आणि आम्ही जसे लांब जाऊ तशी ती बारीक होत जायची. मग फेरी. डिझेलचा वास, ओल्या लोखंडी फळ्या, रॅम्प खाली आपटला की होणारा तो धडाम आवाज आणि एकदम पळत सुटलेली माणसं, कारण बसमध्ये सीट मिळवायची असायची. बेतीला कंडक्टर ओरडत उभा असायचा. सीट मिळाली की मी पहिला प्रश्न विचारायचो, बाबा, पुढे काय झालं असेल?

बाबांचं उत्तर ठरलेलं. "फाल्यां सांगता." उद्या सांगतो.

त्यांच्या ऑफिसात एक सहकारी होते, पणजीतच सांतिनेजला राहायचे, त्यामुळे त्यांना बस नाही, फेरी नाही, आरामात शेवटपर्यंत बसून घरी चालत जायचे. तेही सिनेमाचे वेडे. बाबा दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडून शेवट ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी घरी आले की पाय धुऊन, चहा घेऊन, आम्हाला समोर बसवून तो सांगायचे. नुसतं सांगायचे नाहीत, उठून करून दाखवायचे, कोण कुठल्या बाजूने आला, कोणी कोणाला ढकललं, मागे म्युझिक कसं वाजलं असेल ते सुद्धा तोंडाने. आई भाकरी थापता थापता दारात येऊन उभी राहायची, हात पिठाने भरलेले. त्या चार-पाच वर्षांत मी जेवढे सिनेमे बघितले त्यातल्या बहुतेकांचे शेवट मी आमच्या ओसरीवर बघितलेत, बाबांच्या अंगातून.

एकदा असंच दोन भावांचा पिक्चर होता. आम्ही उठलो तेव्हा धाकट्याला गोळी लागलेली, मोठा त्याला उचलून पळतोय. मी फेरीत रडलो, बसमध्ये रडलो, रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी बाबा आले आणि म्हणाले, वाचला रे तो, हॉस्पिटलात नेला, डॉक्टरने गोळी काढली, मग दोघांचं एकत्र लग्न. मी खूश. पुढे बऱ्याच वर्षांनी, मी बारावीत वगैरे असेन, तोच सिनेमा दूरदर्शनवर लागला. सगळे बसून बघत होतो. धाकटा भाऊ रस्त्यातच मेला. ना हॉस्पिटल, ना लग्न, मोठ्याच्या मांडीवर डोकं ठेवून मेला आणि समाप्त अशी पाटी आली. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला आणि उठून परसात गेले. मी काही विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल जे वाटायला लागलं ते शब्दांत नाही सांगता येत.

तर आता आयनॉक्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे थेटर पणजीतल्या कांपालला जुन्या जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, आवारात आहे. २००४ ला इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पहिल्यांदा गोव्यात आला तेव्हा त्याच्यासाठी हे उभं केलं, चार पडदे, बाजूला माकिनेझ पॅलेस, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे मांडवी. जुन्या जीएमसीची इमारत म्हणजे पोर्तुगीजांच्या काळातली मेडिकल स्कूल, १८४२ सालची संस्था, पुढे तिचंच गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि नंतर ते बांबोळीला गेलं. आमच्या पिढीला ते आवार म्हणजे हेरिटेज, लायटिंग, फोटो. पण बाबांच्या पिढीसाठी ते हॉस्पिटल होतं. माझे आजोबा तिथल्याच वॉर्डात गेले. त्यामुळे थेटर उघडल्यावर बाबा तिकडे जायलाच तयार नव्हते, मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा नाही म्हणाले. सिनेमावेड्या माणसाने नवीन थेटरला नाही म्हणणं म्हणजे काय ते समजा.

मग एका वर्षी मी इफ्फीचं डेलिगेट कार्ड काढलं, त्यांचंही काढलं आणि न विचारता गळ्यात घातलं. ते आले. आवारात शिरल्यावर दोन मिनिटं जुन्या इमारतीसमोर उभे राहिले, वरच्या मजल्याच्या एका खिडकीकडे बोट करून म्हणाले, "थंय आशिल्ले ते." तिथे होते ते, म्हणजे आजोबा. बस, एवढंच. मग रांगेत येऊन उभे राहिले. पुढे कोण केरळचा मुलगा, मागे पुण्याच्या दोन बायका, अर्ध्या तासात बाबांची सगळ्यांशी ओळख झाली, कुठला पिक्चर चांगला, कुठला सोडायचा याची यादी त्यांनी कार्डाच्या मागे पेनाने लिहून घेतली.

पिक्चर परदेशी होता, भाषा अजिबात कळत नव्हती, खाली इंग्लिश सबटायटल, बाबांचं इंग्लिश कचेरीतल्या अर्जांपुरतं. मला धाकधूक होती की कंटाळतील. पण ते पुढे सरकून बसले ते शेवटपर्यंत तसेच. आणि पिक्चर संपला, पडद्यावर नावं यायला लागली, आणि कोणी उठलंच नाही. इफ्फीला असंच असतं, लोक नावं संपेपर्यंत बसतात आणि मग टाळ्या वाजवतात. बाबा आजूबाजूला बघत राहिले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हांगा कोणाकच बस पकडपाची ना."

इथे कोणालाच बस पकडायची नाही. त्यानंतर बाबा आयनॉक्सचे झाले. रिटायर झालेले, वेळच वेळ. दर वर्षी कार्ड, आणि पावसाळ्यात गोवा मराठी चित्रपट महोत्सव असायचा तो वेगळा, त्याला आईसुद्धा. छत्र्या झटकत लॉबीत शिरायचं, ओळखीची डिचोली-साखळी-फोंड्याची माणसं भेटायची, सिनेमातलीच एखादी नटी तुमच्या शेजारून चालत जायची आणि आई मला चिमटा काढायची. मुंबईच्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही कदाचित, पण आमच्यासाठी ते फार होतं, जी माणसं आम्ही अर्धी बघून सोडून आलेलो ती समोर उभी.

थेटर म्हणून सांगायचं तर मला सगळ्यात आवडतो तो आवाज. मराठी सिनेमात माणसं बोलतात जास्त, आणि इथे बोलणं स्वच्छ ऐकू येतं, आईला एका कानाने कमी ऐकू येतं तरी तिने एकदाही "काय म्हणाला?" विचारलं नाही. बसायला ऐसपैस आहे. समोर कोणाचं डोकं येत नाही. वयस्कर माणसांना नेणार असाल तर एक लक्षात ठेवा, मल्टिप्लेक्समध्ये कुठेही गेलात तरी आत पायऱ्या असतातच आणि अंधारात त्या दिसत नाहीत, त्यामुळे बुकिंग करताना कडेची सीट घ्या आणि पिक्चर सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी उजेडात जाऊन बसा. रविवारी आम्हाला जरा उशीर झालाच, तर दारावरच्या मुलाने मोबाइलचा टॉर्च लावून आईच्या पायापुढे धरला आणि हाताला धरून सीटपर्यंत आणलं. आई मला म्हणाली, नॅशनलचा डोअरकीपर असाच उजेड धरायचा. तो मुलगा वीस-बावीसचा असेल, त्याला यातलं काही माहीत असायचं कारण नाही, पण त्याचे मनापासून आभार.

खाण्याचं म्हणाल तर आमचं अजून जुनंच. थेटरातले पॉपकॉर्न मुलं असली की घ्यावेच लागतात, पण आईसोबत असताना आम्ही आधी कॅफे भोसलेत जातो. मिक्स भाजी, पाव, एक बन आणि मिरची. मग गाडीने कांपालला. गाडी लावायची म्हणजे मात्र संध्याकाळी त्या रस्त्यावर फार वेळ जातो, कसिनोची गर्दी असते, नोव्हेंबरात इफ्फी असताना तर विचारूच नका, म्हणून दुपारचा शो बरा, तिकीटही त्या मानाने कमी पडतं. मराठी सिनेमाला शो कमी मिळतात आणि मिळाले तर अडनिड्या वेळेला, हे दुखणं काही एका थेटरचं नाही, सगळीकडचंच आहे, त्यावर माझा एकच उपाय, लागला की पहिल्याच आठवड्यात जायचं. दुसऱ्या आठवड्याची वाट बघितलीत तर गेला म्हणून समजा.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच रिव्ह्यूमध्ये कोणी लिहीत नाही पण माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका थेटरात गेलो होतो, नाव नको, बाबा होते बरोबर. पिक्चरचा शेवटचा सीन संपतोय न संपतोय तोच भसकन सगळे लाइट लागले, दारं उघडली, झाडूवाले आत आले आणि पडदा बंद. एक नाव नाही दिसलं. बाबा सीटवरच बसून राहिले, बंद पडद्याकडे बघत, मीच त्यांना उठवलं. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. ज्याने चार-पाच वर्षं शेवट सोडून फेरी पकडली त्या माणसाला नावांच्या पट्टीची काय किंमत असते ते मला त्या दिवशी कळलं. आयनॉक्समध्ये मी जेवढ्या वेळा गेलोय तेवढ्या वेळा मला नावं संपेपर्यंत बसायला मिळालंय. साफसफाईची माणसं दारात थांबतात, घाई करत नाहीत. एवढ्या एका गोष्टीसाठी मी डिचोलीहून इथे येतो, जवळ दुसरी थेटरं असताना.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर आई थेटरात जायला तयार नव्हती, घरी टीव्हीवर बघते ना, म्हणायची. रविवारी कशीबशी आली. आणि मग ते चप्पल शोधणं.

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, आई, गाडी आहे आपली, बस नाही पकडायची. तिने माझ्याकडे बघितलं, एकदम ओशाळल्यासारखी हसली, चप्पल परत काढून ठेवली आणि मागे टेकून बसली. शेवट आला. मी सांगणार नाही, तुम्ही बघा. ती डोळे पुसत होती, मीही. नावं यायला लागली तेव्हा तिने चष्मा नीट केला आणि वाचायला लागली, हळू आवाजात, मराठी नावं असल्यामुळे तिला वाचता येत होती, कपडे कोणी केले, जेवण कोणी पुरवलं, गाड्या कोणी चालवल्या. "इतलीं माणसां लागतात?" म्हणाली. शेवटचं नाव जाऊन पडदा काळा झाला तेव्हा आख्ख्या थेटरात आम्ही दोघंच.

बाहेर आलो तर ऊन उतरलेलं, मांडवीवर ते तांबूस पाणी, आणि पलीकडे बेतीची फेरी सुटत होती. आई रस्त्याच्या कडेला थांबली. मी म्हटलं पुलावरून जाऊया, लवकर पोचू. तर म्हणाली, फेरीने जाऊया मरे. मग गाडी वळवली आणि धक्क्यावर जाऊन फेरीत घातली. गाडीतून उतरून ती कठड्याला टेकून उभी राहिली, पदर उडतोय वाऱ्याने, आणि पर्समधून मोबाइल काढून तिने मावशीला फोन लावला. मावशी तिकडून विचारत होती काय गो, कसा होता पिक्चर. रॅम्प वर उचलला जात होता, त्या खडखडाटात आईला मोठ्याने बोलावं लागत होतं, आजूबाजूची माणसं बघत होती, पण तिला कसलंच भान नव्हतं.

"राव गो, शेवट सांगतां तुका," म्हणाली, आणि बेती येईपर्यंत हातवारे करून सांगत राहिली.